स्तनपुनर्रचनेनंतर स्पर्शाची जाणीव: काय परत येते आणि त्यासाठी काय करावे

कर्करोगामुळे स्तन काढावा लागल्यानंतर पोटाच्या किंवा पाठीच्या ऊती वापरून, अथवा सिलिकॉनचे इम्प्लांट बसवून, नवा स्तन घडवता येतो. टाके सुकतात, आकार जमतो, ब्लाउज नीट बसू लागतो. पण त्या जागी हात ठेवला तर हाताला स्तन कळतो आणि स्तनाला हात कळत नाही. शस्त्रक्रियेपूर्वीच्या चर्चेत आजाराची पायरी, आकार, खर्च आणि किती दिवसांची रजा लागेल याबद्दल पुष्कळ बोलले जाते, बधीरपणाचा उल्लेख मात्र पुष्कळदा संमतिपत्रातल्या एखाद्या ओळीपुरताच होतो. हे योग्य नाही असे माझे ठाम मत आहे, कारण या बाबतीत जे करता येते त्यातला महत्त्वाचा भाग शस्त्रक्रियेच्या टेबलावर ठरतो आणि उरलेला भाग पुढे कित्येक महिने घरी, रोज थोडा थोडा, स्वतःच करायचा असतो. दोन्हीची माहिती वेळेवर मिळायला हवी.

बधीरपणा कुठून येतो

स्तनाच्या त्वचेला जाणीव पुरवणारे मज्जातंतू बरगड्यांच्या मधल्या फटींतून येतात. त्यांच्या काही शाखा छातीच्या मधल्या हाडाच्या कडेने, तर काही काखेच्या बाजूने त्वचेत शिरतात. वरच्या भागाला गळ्याखालच्या आडव्या हाडावरून उतरणाऱ्या तंतूंचीही जोड असते. स्तनाग्र आणि त्याभोवतीचे काळसर वर्तुळ यांची जाणीव मुख्यतः चौथ्या बरगडीच्या पातळीवरून येणाऱ्या बाहेरच्या शाखेवर अवलंबून असते, आणि ही शाखा बहुधा ग्रंथीच्या मागच्या बाजूने व ग्रंथीतूनच वाट काढत स्तनाग्रापर्यंत पोहोचते. ग्रंथी पूर्ण काढायची म्हणजे ही शाखा कापली जाणे बहुतेक वेळा अटळ असते. म्हणूनच स्तनाग्र राखून केलेल्या शस्त्रक्रियेतही स्तनाग्र दिसायला तसेच राहते, पण त्याची जाणीव राहीलच याची खात्री नसते. हा फरक आधी समजला नाही तर नंतरचा धक्का मोठा असतो.

काखेतील गाठी काढताना आणखी एक तंतू दुखावण्याची शक्यता असते. तो दंडाच्या आतल्या बाजूला जाणीव देतो, त्यामुळे अनेक स्त्रियांना काखेपासून कोपराच्या दिशेने एक बधिर पट्टा जाणवतो. पोटाची त्वचा व चरबी वापरून पुनर्रचना केली असेल तर बेंबीपासून खालच्या आडव्या व्रणापर्यंतचा पोटाचा भागही बधिर होतो, आणि त्याच्याकडे सहसा कोणाचेच लक्ष नसते.

परत काय येते, आणि केव्हा

तंतू तुटला की तुटलेल्या जागेपासून त्वचेपर्यंतचा त्याचा भाग नष्ट होतो, मात्र तंतूची मुख्य पेशी पाठीच्या कण्याजवळ जिवंत असते आणि तुटलेल्या टोकापासून नवी वाढ सुरू होते. या वाढीचा वेग दिवसाला सुमारे १ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम ३ सेंटिमीटर असतो आणि सुरुवातीचे काही आठवडे तर वाढ दिसतच नाही. पहिल्या चार-पाच महिन्यांत काहीच जाणवले नाही म्हणून सगळे संपले असे मानण्याचे कारण नाही. सहा महिन्यांनंतर फरक कळू लागणे आणि तो दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहूनही पुढे वाढत राहणे ही नेहमीची गोष्ट आहे. जाणीव बहुधा कडेकडून मध्याकडे सरकते. प्रथम दुखणे आणि गरम-थंड कळू लागते, त्यानंतर सरकता स्पर्श, मग एकाच जागी ठेवलेल्या बोटाचा स्थिर स्पर्श, आणि नेमक्या कोणत्या जागी स्पर्श झाला हे ओळखण्याची क्षमता सर्वांत शेवटी.

मात्र अपेक्षा कशाची ठेवायची हे स्पष्ट असलेले बरे. शस्त्रक्रियेपूर्वीची जाणीव, विशेषतः स्तनाग्राची कामसंवेदना, तशीच्या तशी परत येणे दुर्मीळ आहे. मिळवता येण्याजोगे उद्दिष्ट म्हणजे भाजले, टोचले, दाबले गेले तर कळावे इतकी संरक्षक जाणीव, आणि त्यापुढे मिठी मारल्यावर किंवा हात ठेवल्यावर तो भाग आपलाच आहे असे वाटावे इतका स्पर्श. बऱ्याच जणींना यातले काही ना काही मिळते. स्वतःच्या ऊती वापरलेल्या स्तनात जाणीव येण्याची शक्यता इम्प्लांटपेक्षा साधारणपणे जास्त असते. रेडिएशन घेतलेली त्वचा, वाढते वय, अनियंत्रित मधुमेह आणि तंबाखू यांमुळे ती कमी होते. तंबाखू म्हटले की सिगारेट डोळ्यांसमोर येते, पण आपल्याकडे अनेक स्त्रिया दातांना मिश्री लावतात आणि तिला व्यसनात मोजत नाहीत. निकोटिन त्यातूनही रक्तात जाते, रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि जखम भरण्यास अडथळा आणते, म्हणून मिश्रीची सवय असल्यास ती डॉक्टरांना संकोच न करता सांगावी आणि शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीच बंद करावी.

शस्त्रक्रिया अजून व्हायची असेल तर

हा भाग ज्यांची तारीख ठरायची आहे त्यांच्यासाठी आहे, आणि माझ्या मते तो सर्वांत मोलाचा आहे. पोटाच्या ऊतींचा फ्लॅप (म्हणजे त्वचा व चरबीचा रक्तवाहिन्यांसह काढलेला तुकडा) छातीवर बसवताना त्याच्यासोबत त्वचेला जाणीव देणारा एखादा तंतूही काढून घेता येतो आणि छातीच्या मधल्या हाडाजवळ बरगडीच्या फटीतून बाहेर पडणाऱ्या तंतूच्या टोकाला तो मायक्रोस्कोपखाली, केसाहून बारीक धाग्याने जोडता येतो. फ्लॅपच्या रक्तवाहिन्या बहुतेक वेळा याच जागी जोडल्या जात असल्यामुळे तंतूचे टोक तिथे हाताशी असते. दोन टोकांत अंतर पडत असेल तर मध्ये तंतूचा तुकडा बसवला जातो. तो रुग्णाच्याच शरीरातून घेतलेला किंवा मृत्युपश्चात दान केलेल्या तंतूवर प्रक्रिया करून तयार केलेला असतो. अशी जोडणी केलेल्या स्तनांत जाणीव सर्वसाधारणपणे लवकर आणि अधिक चांगली येते असे आतापर्यंतच्या अभ्यासांतून दिसले आहे. इम्प्लांट बसवताना, स्तनाग्र राखलेले असल्यास, चौथ्या बरगडीच्या तंतूचे कापलेले टोक अशाच तुकड्याने स्तनाग्राच्या मागच्या बाजूपर्यंत नेण्याची पद्धतही काही ठिकाणी वापरली जाते.

ही सोय सगळीकडे नसते आणि सगळ्यांना लागूही पडत नाही. कर्करोग पूर्ण काढणे हे पहिले काम आहे. तंतू वाचवण्यासाठी त्यात तडजोड करता येत नाही. तरीही विचारल्याशिवाय उत्तर मिळणार नाही. कर्करोगाचे सर्जन आणि प्लास्टिक सर्जन हे दोघे बहुधा वेगळे असतात, म्हणून प्रश्न दोघांनाही विचारावेत: स्तन काढताना कोणते तंतू राखता येतील, राखता आले नाहीत तर त्यांची टोके ओळखून पुढच्या सर्जनच्या हाती देता येतील का, तुम्ही तंतू जोडता का, त्यासाठी शस्त्रक्रियेचा वेळ आणि खर्च किती वाढेल, आणि नंतर रेडिएशन द्यावे लागणार असेल तर पुनर्रचना लगेच करावी की थांबून. प्रश्न घरून कागदावर लिहून न्यावेत आणि सोबत बहीण, मुलगी किंवा नवरा यांपैकी कोणाला तरी उत्तरे टिपून घ्यायला बसवावे, कारण त्या खोलीत ऐकलेले निम्मे बाहेर येईपर्यंत विसरायला होते.

आधी संरक्षण

शस्त्रक्रिया झाली असेल तर पहिला नियम असा की बधिर त्वचेला इजा होऊ द्यायची नाही, कारण ती तक्रार करणार नाही. पुनर्रचित स्तनावर भाजल्याच्या जखमा होण्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत, आणि त्यांची कारणे अगदी घरगुती आहेत: गरम पाण्याची पिशवी, विजेवर चालणारा शेकण्याचा पट्टा, गरम पाण्याची आंघोळ, उन्हात तापलेले गडद रंगाचे कपडे. दुखणाऱ्या जागेला शेक देणे हा आपल्याकडचा हमखास उपाय आहे आणि घरातली वडीलधारी मंडळी तो प्रेमाने सुचवतात. छातीच्या आणि पोटाच्या बधिर भागावर मात्र शेक नको, आणि बर्फाची पिशवीही थेट ठेवायला नको, कारण अति थंडीनेही त्वचा मरते. पाठ किंवा खांदा शेकताना पट्टा सरकून काखेकडे येत नाही ना, हे डोळ्यांनी पाहावे.

आंघोळीचे पाणी कोणत्या हाताने तपासता यालाही महत्त्व आहे. शस्त्रक्रियेच्या बाजूच्या दंडाचा आतला भाग बधिर असू शकतो, आणि पॅक्लिटॅक्सेलसारखी केमोथेरपी झाली असेल तर बोटांची टोकेही बधिर झालेली असू शकतात. अशा वेळी दुसऱ्या हाताच्या कोपराने पाणी पाहावे, शक्य असल्यास साधा थर्मामीटर वापरून ते ४० अंश सेल्सिअसच्या खालीच ठेवावे, आणि गीझर कमी तापमानावर लावावा. ६० अंशांच्या पाण्याने काही सेकंदांतच खोल भाजते, आणि जाणीव नसेल तर ते काही सेकंद कळतही नाहीत.

स्वयंपाकघरातला धोका फोडणीच्या उडणाऱ्या तेलाचा आहेच, पण तो दिसतो. न दिसणारा धोका ओट्याच्या कडेचा आहे. मागच्या शेगडीवरचा कुकर उतरवताना अंग पुढे झुकते, छाती पुढच्या पातेल्याच्या वर येते आणि बधिर पोट ओट्यावर टेकते. तिथे नुकतेच उतरवून ठेवलेले गरम झाकण किंवा तवा असेल तर पदर चिकटून भाजेपर्यंत काही समजत नाही. उपाय सोपे आहेत: मोठे भांडे नेहमी पुढच्या शेगडीवर ठेवावे, गरम झाकण ओट्याच्या कडेला ठेवू नये, जाड सुती एप्रन बांधावा आणि पदर खोचून घ्यावा. त्याखेरीज पदराला छातीवर सेफ्टी पिन लावू नये, तारेची ब्रा डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय वापरू नये, लांब मंगळसूत्राच्या वाट्या किंवा पेंडंट झोपताना त्वचेत रुतत नाहीत ना हे पाहावे, आणि मोटारीच्या पट्ट्याखाली मऊ कापडाची घडी ठेवावी.

रोज आंघोळीनंतर आरशासमोर चांगल्या उजेडात स्तनाची खालची घडी, काखेची बाजू, व्रणांच्या कडा आणि पोटाचा व्रण पाहावा. लाली, फोड, ओरखडा, ब्रा किंवा परकराच्या नाडीचा न जाणारा वळ दिसला तर कारण शोधून ते दूर करावे. कुष्ठरोगामुळे हातापायांची जाणीव गेलेल्या रुग्णांना नेमके हेच शिकवले जाते: जिथे त्वचा सांगू शकत नाही तिथे डोळ्यांनी रोज विचारपूस करायची. महाराष्ट्रात कुष्ठसेवेची मोठी परंपरा असल्यामुळे या कामात मुरलेले फिजिओथेरपिस्ट इथे आहेत, आणि स्पर्श मोजण्याचे नायलॉनचे बारीक तंतूही त्यांच्याकडे असतात. कर्करोग रुग्णालयात सोय नसेल तर अशा तज्ज्ञांकडे जाण्यात काहीच गैर नाही.

नकाशा आणि सराव

टाके पूर्ण सुकल्यावर आणि सर्जनने हात लावण्यास परवानगी दिल्यावर, जे साधारण सहा आठवड्यांच्या पुढेमागे होते, प्रथम एक नकाशा काढावा. कागदावर स्तनाची साधी बाह्यरेषा काढून घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे तिचे भाग करावेत. डोळे मिटून बसावे आणि विश्वासातल्या व्यक्तीला कापसाच्या बारीक टोकाने निरनिराळ्या जागी, मध्येमध्ये स्पर्श न करताही, ‘आता कळले का’ असे विचारायला सांगावे. कळले तिथे एक खूण, काहीतरी कळले पण काय ते नाही तिथे दुसरी, काहीच नाही तिथे रिकामी जागा, आणि नकोसे वाटले तिथे तिसरी. तारीख टाकून कागद जपून ठेवावा आणि दर महिन्याला नवा काढावा. रोजच्या रोज तपासल्याने निराशाच पदरी पडते, कारण महिन्याला ३ सेंटिमीटरची वाढ दिवसागणिक दिसत नाही. दोन कागद शेजारी ठेवले की काखेच्या बाजूची रिकामी जागा आकसलेली दिसू शकते.

सरावामागचा विचार हाताच्या मज्जातंतूंच्या शस्त्रक्रियांतून आला आहे. नव्याने वाढलेले तंतू जुन्याच जागी पोहोचतात असे नाही, त्यामुळे मेंदूकडे जाणारे संदेश सुरुवातीला विस्कळीत असतात. एका जागी स्पर्श केला की तो दुसरीकडेच जाणवतो. डोळ्यांनी पाहत केलेला स्पर्श आणि डोळे मिटून केलेला तोच स्पर्श यांची जोडी पुन्हा पुन्हा लावून दिली की मेंदू या संदेशांचा अर्थ नव्याने लावू लागतो. हातासाठी ही पद्धत रुळलेली आहे. स्तनासाठी तिचे पुरावे अजून थोडेच आहेत, पण ती निर्धोक आहे, बिनखर्चाची आहे, आणि त्या अवयवाशी तुटलेला संबंध जोडायला तिचा उपयोग होतो, म्हणून ती करून पाहावी असे मी आवर्जून सांगेन.

दार लावून, निवांत, टेकून बसावे. पाच ते दहा मिनिटे पुरेत, दिवसातून दोन-तीन वेळा. ज्या जागी थोडीफार जाणीव आहे तिथून सुरुवात करून बोटाचे पेर बधिर भागाकडे सावकाश सरकवावे, आणि त्या वेळी बोटाकडे पाहत मनातल्या मनात ‘बोट बाहेरून मध्याकडे चालले आहे’ असे म्हणावे. मग डोळे मिटून तीच हालचाल, आणि पुन्हा डोळे उघडून तीच. दुसरा स्तन शाबूत असेल तर त्याच्या त्याच जागी तोच स्पर्श करून तो कसा लागतो याकडे लक्ष द्यावे आणि ती आठवण मनात ताजी असतानाच पुनर्रचित बाजूला हात लावावा. दोन्ही बाजूंची शस्त्रक्रिया झाली असेल तर गाल किंवा मांडी चालते. सरकता स्पर्श नीट कळू लागला की बोट एका जागी स्थिर ठेवून ती जागा ओळखण्याचा सराव करावा. त्यापुढे वेगवेगळे पोत घ्यावेत: कापूस, जुने मऊ मलमलीचे कापड, रेशमी साडीचा पदर, रंगकामाचा मऊ ब्रश, धुतलेला खरखरीत टॉवेल. कोणता पोत आहे ते डोळे मिटून ओळखायचे आणि चुकले तर पाहून पुन्हा स्पर्श करायचा. मोबाइल चाळत किंवा मालिका पाहत केलेल्या सरावाला अर्थ नाही, कारण यात काम त्वचेइतकेच लक्षाचे आहे.

व्रण कडक झाला असेल तर साध्या मॉइश्चरायझरने किंवा न तापवलेल्या खोबरेल तेलाने व्रणावर गोलाकार, हलक्या दाबाने रोज पाच मिनिटे मालिश करावी. रेडिएशन चालू असताना किंवा त्यानंतर त्वचा सोलवटलेली असताना मालिश आणि पोतांचा सराव दोन्ही थांबवावेत.

झिणझिण्या, चमक आणि नकोसा स्पर्श

जाणीव परत येताना ती सुखद असेलच असे नाही. मुंग्या, खाज, आतून विजेची चमक गेल्यासारखे वाटणे, काढून टाकलेल्या स्तनाग्रातच दुखते आहे असा भास, हे सगळे होऊ शकते आणि पुष्कळदा ते तंतू वाढत असल्याचे लक्षण असते. ब्लाउजचे कापडही सहन होत नसेल तर सर्वांत मऊ वस्तू घेऊन, दुखणाऱ्या जागेच्या बाहेरून सुरुवात करून, सहन होईल इतकाच वेळ स्पर्श करावा आणि आठवड्याआठवड्याने पोत थोडा खरखरीत करत जावे. मात्र व्रणावर एका ठरावीक बिंदूवर बोट टेकताच कळ उठत असेल, किंवा दुखणे तीन महिन्यांहून अधिक टिकून झोप मोडत असेल, तर तुटलेल्या टोकाशी तंतूची गाठ झाल्याची शंका घ्यावी लागते. ती तपासून घ्यावी. तिच्यावर औषधे, इंजेक्शन आणि शस्त्रक्रिया असे उपाय आहेत.

औषधांबाबत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तंतूंच्या दुखण्यासाठी अमिट्रिप्टिलीन, गॅबापेंटिन, प्रेगाबालिन किंवा ड्युलॉक्सेटिन दिले जाते; यांपैकी ड्युलॉक्सेटिनमुळे टॅमॉक्सिफेनचा, म्हणजे स्तनाचा कर्करोग उलटू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या गोळीचा, परिणाम कमी होण्याची शक्यता असते, म्हणून टॅमॉक्सिफेन चालू असेल तर दुखण्याचे औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगावे. दुसरी गोष्ट औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या नसांच्या, म्हणजे बी जीवनसत्त्वांच्या, गोळ्यांची. पूर्ण शाकाहारी व्यक्तींमध्ये आणि मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये बी-१२ कमी असण्याचा संभव जास्त असतो, आणि त्या कमतरतेने बधीरपणा वाढतो. म्हणून रक्त तपासून बी-१२ घेणे योग्य. पण याच गोळ्यांत पुष्कळदा बी-६ ही असते, आणि ते जास्त प्रमाणात दीर्घकाळ घेतल्यास त्यानेच मज्जातंतूंना इजा होते.

नवराबायकोमध्ये

याविषयी घरात बोलले जात नाही, आणि न बोलल्याने गैरसमज वाढतात. बायको शहारली नाही तर तिला नको आहे असे नवऱ्याला वाटते, आणि त्याने हात आखडता घेतला तर आपण त्याला नकोशा झालो असे तिला वाटते. महिन्याचा नकाशा काढताना नवऱ्याला सोबत बसवले तर कुठे कळते, कुठे कळत नाही आणि कुठे दुखते हे शब्दांची ओढाताण न करता त्याला समजते. मानेच्या बाजूला, गळ्याखालच्या हाडाजवळ आणि (पाठीच्या ऊती वापरल्या नसतील तर) पाठीवर जाणीव बहुधा शाबूत असते. जवळीक तिथून सुरू करावी आणि पुनर्रचित स्तनाला हात लावायचा की नाही हे प्रत्येक वेळी तिने ठरवावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

स्तनावर लाली पसरत असेल, त्वचा हाताला गरम लागत असेल किंवा ताप असेल, तर दुखत नाही म्हणून थांबू नये, त्याच दिवशी दाखवावे. बधिर भागात जंतुसंसर्ग न दुखताही वाढतो, आणि इम्प्लांट असल्यास उशीर केल्याने ते काढण्याची वेळ येऊ शकते. नवी गाठ, त्वचेवर पुरळ, काही वर्षांनी इम्प्लांटभोवती आलेली सूज, किंवा आलेली जाणीव पुन्हा जाणे, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. आणि दोन वर्षांनंतरही मोठा भाग पूर्ण बधिर असेल तर मायक्रोसर्जरी करणाऱ्या प्लास्टिक सर्जनचा सल्ला घ्यावा: इम्प्लांट काढून स्वतःच्या ऊतींचा फ्लॅप बसवण्यासारखी दुसरी शस्त्रक्रिया काही कारणाने होणारच असेल, तर त्याच वेळी तंतू जोडता येतील का हे विचारण्याची ती वेळ असते, आणि महिन्यामहिन्याचे नकाशे तेव्हा सोबत न्यावेत.